सात नंबरचा कोड

पूर्व ओहायोच्या डोंगरांत कुठल्या हौशी रेडिओवाल्यांच्या रिपीटरला कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची, हे गेली एकोणीस वर्षं मी ठरवतो. फुकटची हमाली आहे, पण मान मोठा. रिपीटर म्हणजे टेकडीवरच्या टॉवरखाली ठेवलेलं एक यंत्र. दरीतल्या माणसाच्या हातातल्या छोट्या सेटचा क्षीण आवाज ते पकडतं आणि जोरात पुढे पाठवतं. त्याला दोन फ्रिक्वेन्सींची जोडी लागते, एक ऐकायला, एक बोलायला. जोड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे त्या मिळाव्यात म्हणून लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात. शेजारच्या दोन टेकड्यांना एकच जोडी गेली तर दोन्ही यंत्रं एकमेकांवर ओरडत बसतात. तसं होऊ नये म्हणून मी. मर्ल ओस्वाल्ट एकदा बोलला की बोलला, असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

आमच्याकडे सगळ्यात नावडती गोष्ट म्हणजे कागदी रिपीटर. नोंद आहे, जोडी अडवून ठेवली आहे, पण यंत्र कधीच बंद पडलेलं. अशी जोडी काढून घ्यायची तर आधी तीन पत्रं पाठवायची, मग दोन आठवडे कान लावून बसायचं. तरीही काही ऐकू आलं नाही, तर जोडी मोकळी.

स्टॅन हलावटीच्या नावावर अशीच एक जोडी होती. त्याला ईमेलने पाठवलेली तिन्ही पत्रं परत आली. स्टॅनला जाऊन दोन वर्षं झाली होती, त्याची ईमेल बंद झाली होती. त्याच वेळी माझा मित्र ड्वाइट प्रूइट आमच्या क्लबच्या नव्या डिजिटल रिपीटरसाठी जोडी मागत होता. आमच्याच क्लबच्या, म्हणजे माझ्याही. "मेलेल्या माणसासाठी किती दिवस राखण करणार आहेस?" तो म्हणाला. मी म्हटलं, नियमाने जाऊ या.

नियमाने गेलो. चौदा दिवस सेट स्वयंपाकघरात ठेवला. काही ऐकू आलं नाही. जोडी ड्वाइटला दिली.

आता माझी अक्कल ऐका. स्टॅनचा रिपीटरही डिजिटलच होता. डिजिटल रिपीटरला शून्य ते पंधरापैकी एक आकडा दिलेला असतो, त्याला आम्ही कलर कोड म्हणतो. ऐकणाऱ्याच्या सेटवर तोच आकडा नसेल तर सेट गप्प राहतो. आमच्याकडे जो तो सवयीने एक टाकतो, ऐकताना मीही माझ्या सेटवर तोच टाकला. स्टॅनचा नोंदणीचा फॉर्म काढून बघायला दोन मिनिटं लागली असती. आवाज आला नाही तरी कुणी बोलत असलं की सेटवरचा हिरवा दिवा लागतो, आणि तो रोज सकाळी सातला लागत होता. चौदाही दिवस लागला. मी अंडी तळता तळता तो पाहिला आणि मनाशी म्हटलं, पलीकडच्या राज्यातलं काहीतरी वाहत आलं असेल. मला तसं म्हणायचं होतं, म्हणून म्हटलं.

ड्वाइटचं यंत्र सुरू झालं आणि दोन्ही यंत्रं भांडायला लागली. अशा वेळी ज्याची नोंद नाही त्याने माघार घ्यायची, हा आमचा नियम. स्टॅनची बायको व्हर्ना हिला मी तसं पत्र टाकलं. तिने त्याच दिवशी यंत्र बंद केलं. एका शब्दाने भांडली नाही.

जुनी नोंद निकालात काढायला स्टॅनचा फॉर्म हातात घेतला तेव्हा त्याच्या ठसठशीत अक्षरात दिसलं: कलर कोड सात. आणि मी काय केलं? फॉर्म कपाटात ठेवून दिला. नऊ दिवस. असं दडवून ठेवणं आपल्याला जमतं, हे कळल्याची लाज चूक केल्याच्या लाजेपेक्षा मोठी होती.

दहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला तिच्या दारात उभा राहिलो. व्हर्ना चौऱ्याहत्तरची आहे. तिने कॉफी ओतली, काल केलेली कोलाची, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेला गोड रोल, समोर ठेवली आणि उलट माझीच माफी मागायला लागली.

"स्टॅन म्हणायचा, मर्ल तीन तीनदा तपासतो. तू म्हणालास बंद होतं, म्हणजे बंदच असणार. मधेमधे बंद पडत असेल आणि मला कळलं नसेल. मी रोज सातला हजेरी घेत होते, मला वाटायचं सगळं नीट चाललंय."

हजेरी कसली, ते मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. खालच्या दरीत चार म्हातारी माणसं एकेकटी राहतात. तिथे मोबाइल लागत नाही. स्टॅनने प्रत्येकाला फ्रिक्वेन्सी आणि कोड भरून एक सेट दिला होता. सातला व्हर्ना एकेकाचं नाव घ्यायची, आणि जो उत्तर देणार नाही त्याच्याकडे गाडी काढून जायची. आता ती रोज चारही घरी गाडीने जात होती. मागच्या आठवड्यातल्या बर्फात एकदा गाडी खड्ड्यात गेली, हे तिने हसत सांगितलं.

मी हातातला तुकडा ताटलीत ठेवला.

"व्हर्ना, यंत्र एक दिवसही बंद नव्हतं. मी कोड चुकीचा टाकला होता. दिवा लागत होता, तो मी रोज पाहत होतो. आणि हे मला कळून दहा दिवस झाले."

तिने कप खाली ठेवला. मी घाईघाईने म्हटलं, जोडी आजच तुमच्या नावावर करतो, ड्वाइटला रात्रीच त्याचं यंत्र बंद करायला लावलंय, त्याने फोन आपटला, मी या कामाचा राजीनामाही देतो.

"राजीनाम्याचं तुझं तू बघ," ती म्हणाली. सात वाजत आले होते. चौघंही सवयीने अजून सातला सेट लावून बसतात, असं म्हणून तिने तळघरात जाऊन तिथल्या बटणाने टेकडीवरचं यंत्र चालू केलं आणि वर येऊन माइक माझ्यापुढे ठेवला. "त्यांनाही सांग. एमेटला वाटतंय, त्याचाच सेट बिघडलाय. रोज उघडून बसतो बिचारा."

मी एकेकाचं नाव घेतलं. चौघांनी उत्तर दिलं, सगळ्यात शेवटी एक्क्याण्णव वर्षांच्या एमेट राउशने. मग मी सांगितलं. भरभर, खालच्या आवाजात, जेमतेम पाच वाक्यांत. बटण सोडलं.

मग एमेटचा खरखरीत आवाज आला.

"मर्ल, मला नीट कळलं नाही रे. जरा हळू, पहिल्यापासून सांग."

मी व्हर्नाकडे पाहिलं. तिने माइक माझ्या हातून घेतला नाही. ती कपात बघत बसली होती.

मी बटण दाबलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.