तीन कोपरे

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधली माणसं निवृत्त झाली की क्वार्टर रिकामं करतात आणि जाताना बरंच काही मागे ठेवून जातात. तुळशीचं वृंदावन, हँडल वाकलेली सायकल, कूलरची गंजलेली जाळी. आणि कुत्रे. सगळा संसार ट्रकात चढतो, पण कोट्टायमच्या नाहीतर कोलकात्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुत्रा मावत नाही.

नरहर सबनीसांच्या घरातले तिन्ही कुत्रे असेच आलेले. अप्पू नायरांचा, मिष्टी घोषबाबूंची आणि शेरा सरदार गिलांचा. येताना प्रत्येकाने आपापली भाषा आणली होती. अप्पूला मल्याळममधून दटावलं तरच कळायचं, मिष्टी बंगालीखेरीज कशाला भीक घालायची नाही आणि शेराला पंजाबी शिवी ऐकल्याशिवाय अन्न गोड लागत नसावं. एका छपराखाली तीन प्रांत. दिवाणखान्यात धिंगाणा सुरू झाला की आवरायचा कुणी आणि कोणत्या भाषेत?

तो प्रश्न वसुधाबाईंनी सोडवला. त्यांनी तिघांना एकच भाषा शिकवली. टाळीची. दोन्ही तळव्यांची एकच खणखणीत टाळी वाजली की मस्ती जिथल्या तिथे सोडायची आणि आपापल्या कोपऱ्यात पळायचं. अप्पूने जेवणाच्या टेबलाखाली, मिष्टीने स्वयंपाकघराच्या दाराआड, शेराने दिवाणाखाली. प्रत्येकाला पोळीचा तुकडा मिळे, पण जो आधी पोचेल त्याचा तुकडा तुपाचा. त्या तुपापायी तिघे असे सुटत की पायाखालच्या फरशीवर नखं कराकरा वाजत.

दिवाळीनंतर वसुधाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. घर सांभाळायला उरले नरहरपंत.

नरहरपंतांची सगळी नोकरी कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात झाली. हळू बोलण्याचीच नोकरी ती. त्यातून स्वभाव मुळात भिडस्त. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी 'आपलंच मोजायला चुकलं असेल' म्हणून घरी येणारे. अशा माणसाची टाळी कुत्रे काय ऐकणार? ते टाळी वाजवत ती एखाद्या व्याख्यानाच्या शेवटी वाजवावी तशी, शेजारच्याला त्रास होणार नाही अशी. तिघे एकदा मान वळवून बघत आणि पुन्हा एकमेकांच्या मानगुटीला लागत.

"बाबा, कुत्र्यांना अर्ज करू नका, हुकूम द्या," कमल म्हणे. ही त्यांची मुलगी, त्याच कारखान्यात इंजिनिअर. आता क्वार्टर तिच्या नावावर होतं आणि घरातला शेवटचा शब्दही तिचाच होता.

मार्चमध्ये एकदा मिष्टी आणि शेरा टॉवेल ओढत ओढत आले आणि वसुधाबाईंच्या खुर्चीजवळचा वॉकर धाडकन पाडून गेले. कमल नेमकी दारात उभी होती.

"आज वॉकर पडला, उद्या आई पडेल," ती म्हणाली. "मी स्पष्ट सांगते बाबा, तिला एकदा जरी यांचा धक्का लागला ना, तर तिघांनाही घराबाहेर काढीन."

"अगं, पण तिला ती..."

"पण नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले. तिची हाडं आता पापडासारखी झालीत."

नरहरपंतांचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांना सांगायचं होतं की झटक्यानंतर वसुधाच्या चेहऱ्यावर काही उमटतं ते फक्त ही तिघं दंगा करतात तेव्हाच. एरवी ती भिंतीकडे बघत बसते. मुलगी आली तरी, जेवण आलं तरी, मी आलो तरी. पण शेवटचं कबूल करणं त्यांना जड गेलं.

मग ते कामाला लागले. कुत्रे घसरू नयेत म्हणून फरशीवर तरटं अंथरली. चेंडू, हाडूक, टॉवेल, भांडणाला कारण होईल असं सगळं माळ्यावर टाकलं. नियम केला की दोघे खेळतील तेव्हा तिसरा खिडकीच्या गजाला बांधलेला असेल. खेळ कोणता आणि भांडण कोणतं हे त्यांनी बघून बघून ओळखायला घेतलं. पुढचे पाय टेकून मागचं अंग वर केलं की खेळ. आळीपाळीने एक खाली, एक वर, तोही खेळच. पण अंग ताठलं, शेपूट थांबली आणि गुरगुर खोल गेली की समजायचं, आता रक्त निघेल. तरी दर वेळी त्यांना शंका यायची. नीट बघितलं का आपण? आपल्याला काय कळतंय त्यातलं?

वसुधाबाईंकडून व्यायाम करून घ्यायला शोभा यायची. साकेत नगरला राहायची, घरचं मराठी वऱ्हाडातलं पण जन्म भोपाळचा. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, हे तर पूरा सर्कस आहे. तिकीट लावा!" मग गंभीर होऊन म्हणाली, "पण काकू चालतील त्या वेळी यांना मागच्या व्हरांड्यात बंद करायचं हं. पक्कं?"

"पक्कं," नरहरपंत म्हणाले आणि त्यांनी ते पाळलं.

एका दुपारी मिष्टी आणि अप्पूचा खेळ चढत गेला. मिष्टीची शेपूट थांबली. नरहरपंतांनी टाळी वाजवली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की वसुधाबाईंनी डावा हात वर धरला आहे आणि त्या त्यांच्याकडे रागाने बघताहेत. आधी त्यांना वाटलं, पाणी हवंय. मग त्यांनी भीत भीत आपला तळवा पुढे केला. वसुधाबाईंनी त्यावर असा सणसणीत हात मारला की त्यांची बोटं झिणझिणली.

दोघे आपापल्या कोपऱ्यांत! खिडकीला बांधलेला शेरासुद्धा दोरीला हिसका देऊन दिवाणाकडे ओढू लागला.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. नरहरपंतांनी पोळीचे तुकडे केले, तेव्हा वसुधाबाई तोंडाच्या एका बाजूने हसत होत्या. या वेळी भिंतीकडे नाही, कुत्र्यांकडेही नाही, त्यांच्याकडे बघून.

त्यानंतर घराला शिस्त आली. दंगा वाढला की तळवा पुढे करायचा आणि वसुधाबाईंनी मारायचा. त्यांच्या डाव्या हाताला जोर आला, मानही सरळ झाली. शेराला आता बांधायची गरज उरली नाही. शोभा म्हणाली, "काकू एकदम फर्स्ट क्लास! दिवाळीला स्वतः चालत बाजारात जाणार." कमलने एका रविवारी स्वतःहून अप्पूच्या पोटावर हात फिरवला. नरहरपंतांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग मे महिना आला. बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती, कुत्रे दिवसभर घरात. कमल कारखान्यात गेलेली. मिष्टी आणि अप्पू तरटावर लोळत एकमेकांचे कान चावत होते. शेरा कूलरसमोर पसरला होता. नरहरपंत खुर्चीच्या काठावर बसून खेळ बघत होते. आळीपाळीने खाली-वर, शेपट्या हलत्या. खेळच आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा बघितलं. हो, खेळच.

त्यांनी मान वळवली तर वसुधाबाई उभ्या होत्या.

वॉकर न घेता. डाव्या हाताने खिडकीचा गज धरला होता, तोही त्यांनी सोडला. एक पाऊल टाकलं. उजवा पाय फरफटत मागून आला. दुसरं पाऊल. त्या खोलीच्या मधोमध आल्या आणि कुणाच्याही आधाराशिवाय ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर सायकल शिकल्या होत्या तेव्हा पाहिलं होतं तसं.

आणि नरहरपंतांनी टाळी वाजवली.

आयुष्यात त्यांनी कधी अशी टाळी वाजवली नव्हती. शेजारच्याचा विचार न करता, दोन्ही हातांनी, पोटातून. आपल्या टाळीला या घरात कुणी विचारत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेरा कूलरपाशी होता, दिवाण पलीकडच्या भिंतीला. मधे वसुधाबाई. तो वाकडा गेला नाही, गुरगुरला नाही. तुपाचा तुकडा मिळवायला तो सरळ रेषेत धावला.

वसुधाबाईंचं ऑपरेशन झालं. खुब्याचं हाड बसवलं, पण डॉक्टरांनी कमलला बाजूला नेऊन सांगितलं की आता चालण्याची आशा धरू नका. कमल बाकावर येऊन वडिलांशेजारी बसली.

"टाळी मी वाजवली," नरहरपंत म्हणाले.

"काय?"

"टाळी. ते दंगा करत नव्हते कमल. टाळी ऐकून आपापल्या जागी गेले. तिनेच शिकवलं होतं ना तसं."

"बाबा, प्लीज. आता तरी त्यांची बाजू घेऊ नका," कमल डोळे पुसत म्हणाली. "तुमची टाळी? तुमची टाळी कुत्रे ऐकतात?"

नरहरपंतांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत नव्हता.

शोभाच्या मामांचं अशोका गार्डन वस्तीत रेल्वेलाइनला लागून गोदाम होतं. राखणीला कुत्रे हवेच होते. "साखळीला राहतील, पण खायला मिळेल," शोभा खाली बघून म्हणाली. आता ती 'सर्कस' म्हणाली नाही.

टेंपो आला तेव्हा तिघे दिवाणखान्यात होते. खेळत नव्हते. वसुधाबाईंच्या रिकाम्या खुर्चीला नाक लावून बसले होते. कमलने पट्टे हातात घेतले. बाहेर टेंपोवाल्याने मागचं फळकूट उघडलं आणि ते लोखंडावर आपटलं. फाट्‌कन.

तिघे उठले आणि पळाले. अप्पू टेबलाखाली, मिष्टी दाराआड, शेरा दिवाणाखाली. नखांची करकर थांबली आणि घर चिडीचूप झालं. तिन्ही कोपऱ्यांतून तीन तोंडं बाहेर बघत होती, पोळीची वाट.

कमल पट्टे धरून तशीच उभी राहिली. तिने दिवाणाकडे पाहिलं, मग कूलरकडे, मग मधल्या मोकळ्या जागेकडे. तिथल्या तरटाला अजून सुरकुती होती.

"बाबा," शेवटी ती म्हणाली. आवाज वडिलांसारखाच, हळू. "टेंपोवाला थांबलाय."

नरहरपंत स्वयंपाकघरात गेले. डब्यात सकाळची पोळी होती. तिचे त्यांनी तीन तुकडे केले आणि तिन्हींना तूप लावलं. पहिला कोण पोचला ते त्यांनी पाहिलं नव्हतं. अप्पूला दिला, मिष्टीला दिला. मग गुडघे टेकून दिवाणाखाली हात घातला. शेराने तुकडा खाल्ला, तळव्यावरचं तूप चाटून साफ केलं आणि शाबासकीची वाट बघत शेपूट फरशीवर आपटली.

नरहरपंतांनी दुसऱ्या हाताने त्याचा पट्टा अडकवला आणि त्याला बाहेर ओढलं.