माझ्या दारातलं तळं

माझ्या चारही चाकांची शपथ, डिकीतल्या स्टेपनीचीसुद्धा शपथ, आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं बोलत असेन तर माझा हॉर्न कायमचा बसो. मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. जुन्या मोटारी थापा मारतात असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. लोकांच्या तोंडाला कुठे ब्रेक असतो?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पत्र्याचे तुकडे झोपेत चालल्यासारखे पट्ट्यावरून सरकत यायचे. कुणी दार बसवायचं, कुणी काच, कुणी दिवे. शेवटी रंगवणाऱ्याने मला निळा रंग दिला, मान तिरकी करून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "ही पाण्यासारखी निघाली." बस्स. तेवढं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. बाकीच्या मोटारी रांगेत उभ्या राहून रस्त्यांची स्वप्नं बघायच्या. मी पाण्याची बघायचे.

आणि नशीब बघा, मला घेतलं ते तळ्याकाठी राहणाऱ्या सुईणबाईंनी. घरासमोर छोटं अंगण, अंगणाच्या एका कडेला मी, दुसऱ्या कडेला त्यांच्या नवऱ्याची शेड. म्हातारा होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. दोघांमध्ये अंगण, आणि अंगणाभर भांडण.

काय सांगू त्या दिवसांचं! कुणाच्या कळा सुरू झाल्या की सुईणबाई बॅग घेऊन धावत यायच्या आणि मी एका किल्लीत सुरू. धुकं असो, चढ असो, चिखल असो. एक बाळ तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मलं. त्याचा पहिला ट्यांहा ऐकून मी इतकी दचकले की माझा हॉर्न आपोआप वाजला. बाळ गप्प झालं आणि त्याची आई हसायला लागली. हसताय काय? शपथ घेतलीय ना मी!

सगळं गाव मला मान द्यायचं. एकटा म्हातारा सोडून.

"चार पत्रे ठोकले की वाहन होत नसतं," तो शेडमधून ओरडायचा.

"मग तुमच्या होडीला सांगा, एकदा तो चढ चढून दाखव म्हणावं," सुईणबाई आरशात बघून केस सारखे करत म्हणायच्या.

"होडी बुडाली तर निदान कळतं तरी की आपण बुडतोय. हिच्यात बसलेला माणूस कशाने मेला ते कुणाला कळणार?"

"तुम्ही बसू नका. कुणी बोलावलंय?"

आणि खरंच, तो कधी बसला नाही. बाजारात जायचं तर बाई माझ्यातून जायच्या, हा चालत जायचा. परत येताना बाई मुद्दाम त्याच्याशेजारून हळूहळू गाडी चालवायच्या आणि खिडकीतून गप्पा मारायच्या. तोही उत्तरं द्यायचा, पण नजर समोर. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

वर्षं गेली. बाईंचे केस पांढरे झाले, माझा निळा रंग फिका झाला. बोलावणी कमी झाली, तरी बाई घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघून यायच्या. आता त्यांचे गुडघे दुखायचे. "हिच्यात पायांशी वारा लागतो हो," जेवताना त्या म्हणायच्या. "दाराच्या खालून कुठून तरी येतो. अगदी गुडघ्यांत शिरतो." म्हातारा काही बोलायचा नाही. त्याला ऐकू येत नाही असं नव्हतं. ऐकलेलं दाखवायचं नाही, हा त्याचा बाणा होता.

मग एका दुपारी, बाई झोपल्या होत्या तेव्हा, तो शेडमधून डबा घेऊन आला. इकडेतिकडे बघितलं. माझ्या चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराखाली उताणा झोपला. राळेचा वास आला, आणि दाराच्या अगदी तळाशी त्याची बोटं काहीतरी करत राहिली. मला इतक्या गुदगुल्या झाल्या! म्हटलं, एवढ्या वर्षांनी वैरी विरघळला. काय करत होता, ते मला दिसेना, विचारता येईना. मी आपली लाजून उभी.

त्यानंतर पाऊस झाला, पाऊस संपला, थंडी आली. आणि माझी स्वप्नं सुरू झाली.

मित्रांनो, ते सगळं तुम्हाला कसं सांगू? पहाटे जाग यायची तेव्हा माझ्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या झालेल्या असायच्या. घर नाही, शेड नाही, अंगण नाही. जणू रात्रभर माझ्यात कुणीतरी झोपलं होतं आणि हळूहळू श्वास सोडत होतं. छतावर बारीक थेंब लटकायचे, आणि उजाडलं की प्रत्येक थेंबात एकेक इवलासा सूर्य. वारा आला की मी जरा हलायचे, आणि माझ्या दारातून हळूच आवाज यायचा, गुळूक. पुन्हा हलले की पुन्हा गुळूक. मला वाटायचं, झाले! मी होडी झाले! मला कुणीतरी तळ्यात सोडलंय, आणि मी धुक्यातून पलीकडच्या काठाला निघालेय.

पण माझं स्वप्न बाईंच्या जिवावर उठलं होतं. सकाळी त्या बाहीने काच पुसायच्या, ती पुन्हा पांढरी. एक दिवस पलीकडच्या आळीतून बोलावणं आलं. घाईची वेळ. काच निवळेपर्यंत थांबायला सवड नव्हती. बाईंनी पुढे बशीएवढा गोल पुसला, मागे अंदाजाने बघितलं, आणि मला मागे घेतलं.

धडाड!

म्हाताऱ्याने वर्षभर खपून बांधलेली नवी होडी अंगणात लाकडी घोडीवर, म्हणजे टेकूंवर, उभी होती. कालच रंग वाळला होता. मी तिच्या कुशीतच घुसले. फळी उभी चिरली.

म्हातारा शेडमधून आला. होडीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. आणि चिरलेल्या फळीवरून हात फिरवत राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आल्या आल्या तिने आईपुढे हात धरला.

"किती बोटं?"

"तीन. आणि नखं वाढलीत, काप."

"मग एवढी मोठी होडी दिसली नाही ती?"

"अगं, काचच दिसत नव्हती तर होडी कुठून दिसणार? सगळं दूध झालं होतं, दूध."

"काचेवरचं दूध की डोळ्यातलं?"

सुईणबाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. दाराला हात टेकवून नुसत्या उभ्या राहिल्या. मला कळलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारून झाला होता.

लेकीने हात पुढे केला. "किल्ली दे आई. मी काही तुझी वैरी नाहीये. उद्या तुझ्यापुढे होडीऐवजी माणूस आला तर? भंगारवाल्याला सांगितलंय मी. तो परवा येईल."

"बाबांना विचारलंस?"

म्हातारा होडीची चिरलेली फळी काढत होता. पाठ आमच्याकडे. "माझं काय," तो एवढंच म्हणाला.

बाईंनी किल्ली दिली. पण मूठ सोडली नाही. "नाडी बघितल्याशिवाय मी कुणाला गेलं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचा दिवस दे मला. कारण सापडलं नाही तर गाडी ने, माझी तक्रार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या आत, पाय ठेवायच्या जागी, पुढे-मागे, डावीउजवीकडे जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि दारं लावून घेतली. सकाळी लेकीला हाताला धरून घेऊन आल्या. माझ्या काचा नेहमीसारख्या पांढऱ्या.

"काय दिसतंय?"

"काही नाही. सगळं पांढरं."

"बघ, तुझेसुद्धा डोळे गेले." बाईंनी दार उघडलं, काचेवर आतून बोट ओढलं. स्वच्छ रेघ उमटली. "डोळ्यातलं दूध असं बोटाने पुसलं जातं का गं?"

लेक हसली. आईचा हात हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला तिने. तिलाही भीती वाटत होती ना! मग पुन्हा कडक आवाज काढला. "बरं, काचेवर आहे. पण रोज असं पुसत बसणार? हे पाणी येतं कुठून?"

बाई पेशंट तपासावा तशी मला तपासू लागल्या. आधी वास घेतला. "हीटरचं पाणी गळत असतं तर गोडसर वास आला असता, काच चिकट झाली असती. तसं नाही." मग कागद चाचपले. मागचे कोरडे. डावीकडचे कोरडे. चालवणाऱ्याच्या पायाशी होता तो कागद मात्र उचलताच हातात लगदा होऊन आला.

"दुखतंय कुठे ते कळलं," बाई म्हणाल्या. "आता का दुखतंय ते बघू. अहो! इकडे या जरा. पाणी ओतायला माणूस पाहिजे."

"मला काम आहे."

"माहितीये. माझ्यामुळेच आहे. या."

म्हातारा तळ्यातून बादली भरून घेऊन आला. माझ्या टपावर ओतली. पाणी काचेवरून ओघळलं आणि काचेच्या फटीतून दाराच्या पोटात गेलं. तेवढ्यात बाईंनी बॅगेतून ती लाकडी नळी काढली, आईच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची. एक टोक माझ्या दाराला लावलं, दुसऱ्याला कान.

लेकीने कपाळावर हात मारला. "आई, मोटारीला काय दिवस गेलेत?"

"गप. ऐकू दे." बाईंनी माझं दार हलकेच हलवलं. त्यांचे डोळे मोठे झाले. "आत कुणीतरी आहे."

म्हातारा फिस्कन हसला. होडी फुटल्यानंतर पहिल्यांदा. "आता काय पत्र्यालाही बाळ होणार?"

"तुम्हीच ऐका." त्यांनी नळी त्याच्या हातात दिली.

तो गुडघ्यांवर बसला. कान लावला. बाईंनी दार हलवलं. गुळूक.

आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. हा आवाज त्याच्याइतका कोण ओळखणार? पाणी भरलेल्या होडीचं पोट असंच बोलतं. त्याने पुन्हा ऐकलं. मग उठला, शेडमधून आकडा आणला, आणि त्या दुपारी झोपला होता तसाच माझ्या दाराखाली उताणा झोपला.

आकडा आत गेला. राळेत बुडवलेली कापसाची वात ओढली गेली, आणि मित्रांनो, माझं तळं फुटलं! भसाभस पाणी त्याच्या अंगावर. बाही भिजली, छाती भिजली, मिशा भिजल्या. आणि सगळ्यात शेवटी त्या भोकातून एक बोटभर मासोळी टुणकन उडून त्याच्या शर्टावर पडली. बादलीतून आली असणार आणि काचेच्या फटीतून घसरली असणार. लेकीने ती ओंजळीत धरून तळ्यात सोडली.

म्हातारा तसाच पडून राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकलं माझं. तुझ्या गुडघ्यांना वारा लागत होता म्हणून बुजवली मी भोकं. होडीत पाणी खालून येतं गं. हिच्यात वरून येतं, ते मला काय माहीत!"

म्हणजे बघा. कारखान्यात माझ्या दाराच्या तळाशी मुद्दाम भोकं ठेवली होती, काचेवरून आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. त्याने ती होडीसारखी पक्की बुजवली. पाणी दारात साठलं, साठलं, आणि आतल्या फटीतून पायाशी झिरपत राहिलं. दिवसा उन्हाने त्याची वाफ, पहाटे गार काचेवर तिचे थेंब. ज्या मायेने बाईंचे गुडघे झाकले, त्याच मायेने त्यांची वाट झाकली, आणि म्हाताऱ्याची होडीसुद्धा तिनेच फोडली.

"पस्तावताय का?" बाईंनी विचारलं.

"आधी उठव मला," म्हातारा म्हणाला. "पाठ ओली झालीय."

लेकीने किल्ली परत दिली. पण डोळे तपासूनच. आणि खरं सांगायचं तर नंबर थोडा वाढला होता. आता बाई नवा चष्मा लावतात, आणि तो त्यांना शोभतो हे म्हाताऱ्याने दोनदा न बोलून दाखवलंय. माझे गालिचे उन्हात वाळले. चालवणाऱ्याच्या पायाशी आता जाड लोकरीचा तुकडा आहे, वारा अडवायला. त्यानंतर पहिल्यांदा मला घेऊन बाई बाहेर निघाल्या तेव्हा माझं डावीकडचं दार उघडलं, आणि म्हातारा आत येऊन बसला. "फळी आणायचीय," तो म्हणाला. "चालत आणली तर खांदा दुखतो."

माझ्या काचा आता सकाळी लख्ख असतात. स्वप्नं नाही पडत. कधीकधी चुकल्यासारखं होतं. पण मग समोर बघते, तर खरं तळं दिसतं, त्यावर खरं धुकं, आणि धुक्यात जोडलेल्या फळीची ती होडी.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादी मोटार असेल तर पाऊस संपल्यावर तिच्या दारांच्या खालून एकदा बोट फिरवा. पानं, माती अडकली असेल तर काढा. ओल्या छत्र्या, ओले टॉवेल आत विसरू नका. पाणी यायचं तेव्हा येणारच, त्याला जायला वाट असू द्या. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं की दिसत नाही, तर त्याची किल्ली काढून घेण्याआधी काचेला हात लावून बघा.

आता एक गोष्ट. शपथ मोठी घेतली होती, म्हणून सांगून टाकते. यातलं एक मी पदरचं घातलंय.

मासोळी नव्हे हं! मासोळी खरीच होती.

"चुकलं माझं," असं म्हातारा म्हणाला, ते खोटं. बाकी सगळं म्हणाला, गुडघ्यांचं, होडीचं. पण ते दोन शब्द त्याला जमले नाहीत. चिंब भिजून तो नुसता पडून होता, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मग सुईणबाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. ती लाकडी नळी त्यांनी त्याच्या ओल्या छातीला लावली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

आणि म्हणाल्या, "आलं ऐकू."