सुतारबाबांच्या फळीवरचा फॅक्स

मी एक जुना फॅक्स आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्यापैकी कित्येकांनी माझं नावही ऐकलं नसेल. कुणी मला छपाईचं यंत्र समजतं, कुणी टेलिफोनचा जाडजूड मावसभाऊ. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. माझ्या तोंडात लिहिलेला कागद घाला आणि नंबर दाबा. त्या कागदावरचं अक्षर न् अक्षर मी आवाजात बदलतो आणि तारेवरून धाडतो. दूरगावी बसलेला माझा भाऊबंद तो आवाज ऐकतो आणि तस्संच्या तसं पुन्हा कागदावर उमटवतो. मधेच कुणी रिसीव्हर कानाला लावला तर त्याला नुसतं किंचाळणं ऐकू येतं. बिचारा दचकून रिसीव्हर आपटतो!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून जाता जाता कुणी माझ्या पोटात रूळ बसवले, कुणी तारा जोडल्या, कुणी पाठीवर बटणं लावली. तिथून मी एका छापखान्याच्या कचेरीत आलो. ‘माल मिळाला’, ‘माल मिळाला नाही’, ‘माल कधी मिळणार’, एवढंच मी वर्षानुवर्षं वाचत आणि वाचून दाखवत होतो. काम चोख होतं, पण मनाला चाळा असा नव्हता. पलीकडे हे कोण वाचतं, वाचून हसतं की कपाळाला हात लावतं, याचं मला फार कुतूहल वाटे. पण ते मला कोण सांगणार?

मग कचेरीत नवा फॅक्स आला आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला उचललं ते हिशेब बघणाऱ्या मुलीने.

“साहेब, हा टाकून देणार असाल तर मी घरी नेऊ?” तिने विचारलं.

“घरी? घरी फॅक्स कशाला गं?”

“बाबांशी बोलायला,” ती म्हणाली.

साहेबांना काही उलगडा झाला नाही. मलाही नाही. पण जाता जाता ते म्हणाले, “ने बाई. आणि चहाच्या सुट्टीत इथला नवा फॅक्स वापरलास तरी माझी ना नाही.”

एसटीत तिच्या मांडीवर बसून मी तिच्या गावी पोचलो. पुढच्या खोलीत सुतारकाम चालू होतं. रंध्याखालून लाकडाच्या कुरळ्या साली निघत होत्या आणि एक उंच, सडपातळ माणूस पाठमोरा उभा होता. मुलीने हाक मारली नाही. तिने जमिनीवर दोनदा पाय आपटला. तो हादरा पायांतून कळताच माणूस वळला आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने आपल्या गालावर एक बोट टेकवून गोल फिरवलं. मुलीच्या गालाला खळी पडते ना, म्हणून ते तिचं नाव होतं, बोटांनी घेतलेलं.

तेव्हा मला कळलं. तिच्या बाबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात सगळे हातांनी बोलत. लेक घरी असली की बापलेकीच्या गप्पांना ऊत यायचा. पण ती नोकरीच्या गावी गेली की पंचाईत. पत्र पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायची. फोन यायचा तो आईला. आई ऐकायची आणि बाबांना खुणेने सांगायची. लेक पलीकडे खूप वेळ बोलत असायची, आईची मान हलत असायची, आणि सगळ्या बोलण्याचं सार म्हणून बाबांच्या वाट्याला दोन शब्द यायचे: “बरी आहे.”

“एवढंच?” बाबा खुणेने विचारायचे.

“एवढंच,” आई म्हणायची.

मला घरात बसवायचं म्हणजे एक सोहळाच झाला. फोनची जागा होती स्वयंपाकघराच्या दारात. बाबांना मी हवा होतो कामाच्या खोलीत. मग टेलिफोनवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीच्या कडेकडेने, खिळे मारत तार पुढच्या खोलीपर्यंत आणली. तार आधी माझ्यात शिरायची आणि माझ्यातून आईच्या फोनकडे जायची. आता प्रश्न असा की, कागद आला हे बाबांना कळणार कसं? घंटी तर ऐकू येत नाही. लेकीने दिवा लावायचं सुचवलं. बाबांनी नको म्हणून मान हलवली. त्यांनी कामाच्या मेजाच्या वर, भिंतीला, बरोबर आपल्या डोळ्यांसमोर येईल अशी एक फळी ठोकली आणि मला तिच्यावर बसवलं. आता माझा कागद थेट त्यांच्या नाकासमोर लोंबणार होता. भुसा आत जाऊ नये म्हणून त्यांनी मला एक लाकडी टोपीही केली.

माझ्या बटणांवरची इंग्रजी अक्षरं बघून आईने तोंड वाकडं केलं. लेकीने चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘पाठव’, ‘थांब’, ‘आपोआप घे’, ‘हाताने घे’. शेवटच्या दोहोंतलं ‘आपोआप’ दाबून ती खुणेने म्हणाली, “आता दुसऱ्या घंटीला हा स्वतःच फोन उचलेल, बाबा. तुम्हाला काही करायला नको.”

मग ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळाली. तिथेही एक फॅक्स होता. बाबा माझ्यासमोर स्टुलावर बसले, हात मांडीवर, नजर माझ्यावर. घंटी वाजली, मी फोन उचलला, किंचाळलो, रूळ फिरले. कागद खाली उतरला.

कोरा!

लेक धापा टाकत परत आली. “काय आलं?”

बाबांनी कोरा कागद दोन्ही बाजूंनी दाखवला आणि खांदे उडवले. आई दारातून म्हणाली, “मला वाटलंच होतं. भंगारातलं ते भंगारच.”

मी तर शरमेने अर्धा झालो. मी माझ्याकडून सगळं नीट उमटवलं होतं! बाबांनी मात्र कागद नाकाशी नेला, बोटांनी चाचपला. त्याची एक बाजू गुळगुळीत होती आणि दुसरी जराशी खरखरीत. त्यांनी दोन्ही बाजूंवर नख ओढलं. गुळगुळीत बाजूवर काळी रेघ उठली, दुसरीवर काहीच नाही. लेकीने कपाळावर हात मारला. माझा कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि औषध एकाच बाजूला असतं. आम्ही गुंडाळी उलटी घातली होती.

गुंडाळी सुलटी झाली. लेक पुन्हा दुकानात पळाली. या वेळी कागदावर अक्षरं होती, काळी कुळकुळीत: ‘बाबा, ऐकू येतंय का?’

बाबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते असे हसले, असे हसले की खिडकीवरची पाखरं उडाली. त्यांचं हसू मोठं, घोगरं होतं, आणि ते स्वतः सोडून सगळ्यांना ऐकू जायचं. तो गरम कागद त्यांनी गालाला लावला. मला तर त्या क्षणी कळलं की पलीकडे वाचणारा माणूस कसा दिसतो.

लेक नोकरीवर परत गेली आणि रोज चहाच्या वेळी माझ्या तोंडून कागद लोंबू लागला. बाबांनी मलाही नाव ठेवलं. हनुवटीखाली पंजा धरून तो लांब जिभेसारखा खाली ओढायचा, की झालो मी. शेजारपाजारचे लोक मला बघायला यायचे. माझा रुबाब काय विचारता!

पण घरात एक माणूस गप्प गप्प होत चाललं होतं.

पहिला कागद आला तेव्हाच आई हात पुसत धावत आली होती. “काय म्हणते ती?”

बाबांनी कागद घडी करून खिशात घातला. डोळे मिचकावले आणि खूण केली: “बरी आहे.”

आधी ती थट्टा होती. मग त्यांना त्यात गोडी वाटू लागली. रोज आई विचारायची, रोज बाबा म्हणायचे, “बरी आहे.” शेवटी आईने विचारणंच सोडलं.

आणि आणखी एक गोष्ट घडत होती, जी फक्त मला दिसायची. लेक मधूनमधून आईला फोन लावायची. पण तार आधी माझ्याकडे यायची. आई भिजलेले हात पुसून फोनपर्यंत पोचायच्या आतच दुसरी घंटी व्हायची आणि मी उचलायचो. आईने रिसीव्हर कानाला लावला की तिला माझं किंचाळणं ऐकू यायचं. तिकडे लेकीलाही तेच. आई कामात असेल असं समजून ती फोन ठेवून द्यायची. माझं जे बटण दाबलं असेल तसं माझं वागणं. ते बदलणं माझ्या हाती कुठे?

असंच एकदा झालं. आईने रिसीव्हर कानापासून दूर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तरातरा पुढच्या खोलीत आली आणि तिने माझी तार भिंतीतून उपटून काढली.

बाबा तेव्हा लाकूड आणायला गेले होते. परत आल्यावर ते माझ्यासमोर काम करत राहिले. चहाची वेळ झाली, टळली. दुसऱ्या दिवशीही कागद नाही. त्यांनी माझी टोपी काढली, गुंडाळी तपासली, कागदावर नख ओढून पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. तारेचं टोक हातात धरून ते आईसमोर उभे राहिले.

मित्रांनो, मी ते भांडण पाहिलं आहे. हातांचं भांडण फार जोरात होतं. आई खुणा करता करता तोंडानेही बोलत होती.

“हो, मीच काढली! पोरीचा आवाज ऐकून किती दिवस झाले मला! मेलं ते डबडं मधेच ओरडतं. इतकी वर्षं मी तुमचे कान झाले. आता कागद आले म्हणून मी कुणीच नाही? मला विचारलं की, बरी आहे!”

बाबांचे हात झपाझप चालले. “तू मला काय सांगायचीस? ती तासभर बोलायची. मला दिसायचं ना! तू हसायचीस, डोळे पुसायचीस. आणि मला काय? बरी आहे!”

“मग काय करणार होते मी?” आई ओरडली. “एका हातात रिसीव्हर असायचा माझ्या! एका हाताने किती बोलू?”

बाबांचे हात हवेतच थांबले.

त्यांनी माझा रिसीव्हर उचलला. डाव्या हाताने स्वतःच्या कानाला लावला आणि उजव्या हाताने काहीतरी सांगू लागले. निम्म्या खुणांना दोन हात लागतात. ‘घर’ म्हणायचं तर दोन पंजे छपरासारखे जुळवावे लागतात. त्यांनी एकाच पंजाने घर करून पाहिलं. घर काही होईना. ‘भेट’ होईना, ‘मदत’ होईना. त्यांनी रिसीव्हर हात बदलून धरला, पुन्हा प्रयत्न केला. मग बाबांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला आणि तळहात छातीवर घासला. त्यांच्या भाषेत ती माफी होती. लगेच त्यांनी मेजाचा खण उघडला आणि लेकीचे सगळे कागद आईच्या ओटीत घातले.

आई वाचत बसली. बाबांनी हलक्या लाकडाचा एक तुकडा घेतला. तिच्या खांद्याला लावायचा, खूण करायची, तासायचा, पुन्हा लावायचा. आई म्हणत होती, “अहो, काय चाललंय तुमचं?” तो तुकडा शेवटी असा झाला की त्याची खालची बाजू खांद्यावर बसावी आणि वरच्या खाचेत रिसीव्हर राहावा, अगदी कानाशी. मग बाबांनी माझी तार परत लावली आणि बटण ‘हाताने घे’वर नेलं. आता फोन आईने उचलायचा. आवाज लेकीचा असेल तर बोलायचं. किंचाळणं ऐकू आलं तर येऊन माझं बटण दाबायचं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी फोन वाजला. आई धावली. रिसीव्हर खाचेत ठेवला, मान कलती केली.

“अगं, बोल! हो, मीच. नाही, तो नाही ओरडणार आता.”

आणि तिचे दोन्ही हात उडू लागले. बाबा समोर बसले होते. घरमालकिणीच्या कुत्रीने लेकीच्या पलंगाखाली पिल्लं घातली होती. एका पिल्लाने तिची चप्पल पळवली होती. ती वेगवेगळ्या रंगांच्या चपला घालून कचेरीत गेली होती आणि साहेबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आईने पिल्लू केलं, चप्पल केली, साहेबांचं तोंडसुद्धा केलं. बाबा पोट धरधरून हसले, त्या घोगऱ्या मोठ्या आवाजात.

ते हसू तारेवरून पलीकडे गेलं.

“आई,” लेकीचा आवाज आला, “बाबा हसले का गं?”

“हो गं,” आई म्हणाली.

“अजून काहीतरी सांगते,” लेक म्हणाली. “त्यांना हसू दे.”

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या घरी राबलो. कागद बाबांचे, आवाज आईचा, आणि दोन्ही एकमेकांना पुरे सांगितले जायचे. मग मोबाइल आला. लेक आणि बाबा आता काचेवर एकमेकांना बघून हातांनी बोलतात. माझ्या मापाची कागदाची गुंडाळी कुठे मिळत नाही. गेल्या वर्षी आमच्या घराची ती तारही काढली. मी फळीवर नुसता बसून असतो. वाईट वाटतं का? थोडंसं. पण खालच्या मेजावर काय चाललंय हे बघण्यात माझा वेळ बरा जातो.

हल्ली तिथे एक निराळंच काम चालतं. माझ्या कागदावरचं अक्षर कायमचं नसतं, मित्रांनो. ऊन लागलं, ऊब लागली, नुसती वर्षं गेली तरी ते फिकं होत जातं. खणातले लेकीचे कागद पिवळे पडू लागले आहेत. जेवण झालं की बाबा त्यातला एकेक काढतात, सुतारकामाच्या पेन्सिलीला टोक करतात आणि पुसट अक्षरं गिरवत बसतात. म्हणून सांगतो, तुमच्या घरी असे जुने कागद असतील तर ते उन्हात टाकू नका, आणि अक्षर दिसतंय तोवरच त्याची नक्कल करून ठेवा. मी फार चांगलं उमटवतो, पण टिकवणं मला येत नाही. ते माणसांचं काम.

आजच्या कागदावरची एक अख्खी ओळ उडून गेली होती. बाबांनी तो खिडकीकडे धरला, तिरका केला, भिंग लावलं. मग त्यांनी जमिनीवर पाय आपटला. आई आली, चष्मा न लावताच कागदाकडे बघून हसली आणि ती ओळ त्यांना हातांनी सांगू लागली. बाबांनी पेन्सिल टेकवली.