ताटातला फ्यूज

भिकनला योगराजचं काहीच बघवत नव्हतं. त्याचं हसणं बघवत नव्हतं, शेठच्या बोटीवर घरच्यासारखं चढणं तर मुळीच नाही. नवागामात कापडाचे लूम चालवणाऱ्या या साडूला तापीकाठच्या बोटक्लबात आणलं कोणी? भिकननंच. वायर सोलण्यापासून अँटेना बसवण्यापर्यंत शिकवलं कोणी? तेही त्यानंच. आणि आता लाल बटणाचे नवे वायरलेस सेट आले, संकटात बटण दाबलं की बोटीची हाक आपोआप किनाऱ्याला जाते असे, तर क्लबचे मालक शेठ म्हणतात, "योगराजने मोकलजे." योगराजला पाठव म्हणे. मग भिकननं काय बोटी पुसायच्या?

घरीही तेच. बायको रंजना धाकट्या बहिणीचं, उज्ज्वलाचं कौतुक सुरू करायची आणि भिकनचा घास तोंडातच फिरायचा. दसऱ्याला शेठनं योगराजला सहकुटुंब बोटीत फिरायला बोलावलं. दादा, वहिनीला घेऊन तुम्हीपण चला, असं योगराज मोकळ्या मनानं सांगायला आला. त्या मोकळ्या मनाचाच भिकनला जास्त राग आला. आमच्या घरचं कोणी येणार नाही, असं त्यानं तोडून सांगितलं. रंजना उठून आत गेली.

खंडेनवमीला लूमवाले सूत फिरवणारा धोटा काढून पूजेत ठेवतात, म्हणजे त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावत नाही. योगराजच्या अंगात ती सवय मुरलेली. त्यानं प्रत्येक बोटीतल्या सेटचा काचेचा फ्यूज काढला, ओळखीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि क्लबच्या खोलीतल्या ताटात ठेवून सगळ्यांवर ओलं कुंकू लावलं. फ्यूज नसला की सेट मुका, हे भिकनला दिसत होतं. पण एक दिवसाचा प्रश्न, म्हणून तो गप्प राहिला.

दसऱ्याच्या सकाळी योगराजनं लगबगीनं फ्यूज पुन्हा बसवले. तो गेल्यावर भिकन ताट आवरायला बसला, तर झेंडूखाली निळ्या दोऱ्याचा फ्यूज. निळा म्हणजे शेठच्या बोटीचा. हाक मारली असती तर योगराज धक्क्यावरच होता. भिकननं फ्यूज उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. शेठ बॅटरी वाचवायला सेट बंदच ठेवायचे. पण आज पाहुण्यांसमोर ऐट दाखवायला चालू करतील, सेट ढिम्म राहील, आणि मग कळेल योगराज काय लायकीचा आहे ते. भिकनला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्यानं फाफडा-जिलेबी मागवून चवीनं खाल्ली.

ओहोटी लागली तरी बोट परतली नाही. भिकननं खोलीतल्या सेटवरून हाका मारल्या. उत्तर येणार कुठून? क्लबचा राखणदार लोटू कपाळाला आठ्या घालून म्हणाला की ओहोटी आता खाडीच्या तोंडाकडे ओढत नेणार, आणि बोटीत बायामाणसं आहेत.

"उज्ज्वलाबाई आणि तिची बहीण," लोटू म्हणाला. "तुमचीच बाई ना ती?"

रंजना तर नवागामला बहिणीकडे जाते म्हणून निघाली होती. छातीवरचा फ्यूज त्याला आता चटका दिल्यासारखा जाणवला. त्यानं लोटूला ओढतच छोट्या होडीत बसवलं.

शेठची बोट इंजिन बंद पडून खाडीच्या तोंडाशी वाहत चालली होती. नांगर चिखलात घसरत होता. उज्ज्वला रडत होती, शेठ पांढरेफटक पडले होते, आणि योगराज लाल बटण दाबदाबून हताश झाला होता. लोटूच्या होडीत ओढून नेण्याइतकं बळ नव्हतं. भिकन बोटीवर चढला, सरळ सेटपाशी गेला, फ्यूज बसवला आणि बटण दाबलं. सेट उजळला. किनाऱ्यावरून आवाज आला, आणि थोड्या वेळात सागरी पोलिसांची मोठी लाँच येताना दिसली.

योगराजनं सगळ्यांसमोर भिकनचे पाय धरले. चूक माझी, ताटात मीच विसरलो, दादा नसते तर आज संपलो होतो, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. शेठनं भिकनला मिठी मारली आणि यापुढे माझ्या बोटीला तुझाच हात लागेल असं जाहीर केलं. जे ऐकायला भिकन वर्षभर झुरत होता, ते सगळं त्याला एकदम मिळालं.

रंजना मात्र जागची उठली नाही. ती त्याच्या शर्टाकडे बघत होती. खिशावर कुंकवाचा डाग उमटला होता, घामानं पसरून, कडांना सुकून काळपट पडलेला. त्याचे शर्ट तीच धुवायची. आताचा डाग कुठला आणि सकाळचा कुठला, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"हाऊ फ्यूज तुमना खिसाम्हा कवयपासून से?" तिनं हळूच विचारलं. हा फ्यूज तुमच्या खिशात केव्हापासून आहे?

भिकननं डागावर हात ठेवला. रंजना उठली आणि बहिणीशेजारी, योगराजच्या बाजूला जाऊन बसली.