लोकरीच्या झग्यातला हुंकार

दारात चपलांचा एवढा ढीग होता की मला वाटलं, अक्काने चपलांचं दुकानच काढलं. आत पाय ठेवायला जागा नाही. सोफ्यावर बायका, खिडकीला टेकून पुरुष, आणि खोलीच्या मधोमध टेबलावर, राखाडी लोकरीचा झगा घालून बसलेला अक्काच्या सूनबाईचा कॉम्प्युटर. त्याच्यापुढे डोळे मिटून तरंगमहाराज.

"शांत... लहरी जुळताहेत," महाराज म्हणाले. "डाव्या बाजूने कुणी खोकू नका. आत्मा चुंबकीय असतो."

उजव्या बाजूने खोकलेलं चालतं का, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. समोर अक्का, माझी थोरली बहीण, हात जोडून बसली होती.

खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई पुढे सरकली आणि कॉम्प्युटरलाच म्हणाली, "काका, माझ्या मुलीला नोकरी लागेल का हो?"

महाराजांनी एक हात वर केला आणि दुसरा सहज माऊसवर ठेवला. स्क्रीनवर सूनबाईने काढलेलं एक दुमजली घर होतं, ते गोल गोल फिरू लागलं. "आत्मा निघाला... दक्षिणेच्या लहरीवरून येतोय... वाटेत मोबाइलचे टॉवर फार, म्हणून वेळ लागतो... आला, आला..."

आणि कॉम्प्युटरातून आवाज आला, "हूंऽऽऽ!"

खोलीभर काटा उभा राहिला. शिंपीणबाईने पदराने डोळे टिपले. खरं सांगतो, आवाज हुबेहूब दाजींचा होता.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. चार महिन्यांपूर्वी गेले. देवमाणूस, पण बोलायला महाकंजूष. जेवण झालं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे आणि अक्का काहीही म्हणाली तरी पलीकडून एकच उत्तर, "हूंऽऽ." चाळीस वर्षांचा संसार दोघांनी त्या एका अक्षरावर ओढला. ते गेल्यावर अक्का भांड्यांशी बोलायला लागली होती. अशात एके दिवशी कॉम्प्युटरच्या पोटातून तोच हुंकार आला. मग काय! शेजार जमला, शेजाऱ्यांनी महाराजांना आणलं, आणि महाराजांनी निदान केलं, की दाजींचा आत्मा यंत्रात अडकलाय. यंत्र मठात न्यायचं, तिथे मुक्ती. आज दुपारी टेंपो यायचा होता. अक्काने शब्द देऊन टाकला होता.

सूनबाईने मला डोळ्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं. "मामा, मशीन गेलं तर मी संपले," ती हळू आवाजात म्हणाली. ती इमारतींची चित्रं काढते, बांधण्याआधी इमारत कशी दिसेल ती, सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवता येणारी. "सोमवारी दवाखान्याचं काम द्यायचंय. फाइली काढून घेईन हो, पण एवढी जड चित्रं चालवणारं दुसरं मशीन कुठून आणू? आमचे हे जहाजावर नोकरीला, फोन लागत नाही."

"मग अक्काला नाही म्हण की."

"कसं म्हणू? तो आवाज ऐकल्या दिवशी आई चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या."

मी दारातून अक्काकडे एकदा बघून घेतलं.

"मला माहितीय तो कशाचा आवाज आहे," ती म्हणाली. "चित्राचं सगळं ओझं ग्राफिक्स कार्ड उचलतं. ते तापतं, म्हणून त्याला छोटा पंखा असतो. त्याचा वेग स्क्रीनवरून कमीजास्त करता येतो. मी किती खालीवर केलं, पण तो ढिम्म! एक तर थांबलेला, नाहीतर बोंबलणारा. आतून बघायला हवं, पण आई झग्याला हात लावू देत नाहीत. महाराजांनी बजावलंय, झगा काढला तर आत्मा भरकटेल."

झग्याची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या अक्काला उघडी वस्तू बघवत नाही. तिच्या घरात मिक्सरला टोपडं आहे, रिमोटला पिशवी आहे, इस्त्रीला अंगरखा आहे. उन्हाळ्यात मशीन तापतं म्हणून सूनबाईने त्याच्या बाजूचा पत्रा काढून ठेवला. अक्काने बघितलं, यंत्राची आतडी उघडी पडलीत, धूळ बसेल! तिने दाजींचा राखाडी स्वेटर उसवला आणि त्याच लोकरीचा झगा विणून घातला. टाकवत नव्हता ना तो स्वेटर.

"आवाज कधी सुरू झाला?" मी विचारलं.

सूनबाई थबकली. "झगा घातला... त्याच आठवड्यात."

मी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. काचनळ्या धुतल्या, मुलांच्या चुका पुसल्या. मी विद्वान नाही. पण एक गोष्ट हाडीमासी खिळली आहे, ती ही की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि घड्याळाकडे बघायचं. बाहेर येऊन मी तेच केलं. इस्त्रीवाल्याने विचारलं, "दुकान हलवू का?" महाराजांनी घर फिरवलं, बडबड केली, बारा सेकंदांत "हूंऽऽ." शिंपीणबाईच्या जावेने विचारलं, "दीर भांडतोय, चूक माझी आहे का?" ही बाई महाराजांना रोज डबा पाठवायची. महाराजांनी दोन्ही हात जोडून ठेवले. घर स्थिर. आवाज नाही. "आत्मा म्हणतो, तुझी चूक नाही!"

वा रे आत्मा! हो म्हणायला माऊस लागतो आणि नाही म्हणायला डबा!

"महाराज, मलाही विचारायचंय," मी पुढे झालो. "माऊस मात्र मी धरतो."

"संशयी हाताने लहरी फाटतात!"

"फाटू देत, अक्का शिवेल. तिला सगळं येतं." मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी खुर्चीत बसलो, माऊसला हात न लावता विचारलं, "दाजी, अक्का तुमची लग्नाची बायको ना?"

शांतता. एक मिनिट गेलं, दोन गेली. अक्काचा चेहरा उतरला. तरी मी तसाच पुढे गेलो. आता माऊसने घर गरागरा फिरवलं आणि म्हणालो, "दाजी, अक्काच्या हातचं जेवण तुम्हाला कधीच आवडलं नाही ना?"

दहा सेकंद. अकरा. "हूंऽऽऽ!"

अक्का ताडकन उठली. "काय? चाळीस वर्षं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं या माणसाने! आणि असं माझ्या तोंडावर म्हणायची त्यांची हिंमत तरी होती का?"

"तेच म्हणतोय मी, अक्का. हे दाजी नव्हेत. ये, तू बस. काही विचारू नकोस. नुसतं घर फिरव."

महाराज मधे आले. "माई, पाप लागेल! टेंपो येतच असेल."

पण अक्का एकदा पेटली की तिला विझवणारा अजून जन्मायचाय. तिने माऊस धरला आणि घर फिरवलं. ओठ घट्ट मिटलेले. आणि यंत्र म्हणालं, "हूंऽऽऽ!"

अक्काने हात मागे घेतला. मग लहान आवाजात म्हणाली, "मी तर काही विचारलंच नव्हतं."

त्यानंतर झगा तिने स्वतःच काढला. कुणी सांगितलं नाही. हळूच काढला, आजारी माणसाचा काढावा तसा.

सूनबाईने मशीन बंद केलं, वायर भिंतीतून उपटली, कार्ड निवू दिलं. मी टॉर्च धरला. पंख्याच्या पात्यांमागे, मधल्या दांड्याला, राखाडी लोकरीचे वेढेच वेढे बसले होते. झग्याचा एक धागा सुटून आत ओढला गेला होता. इस्त्रीवाल्याला, शिंपीणबाईला, सगळ्यांना पाळीपाळीने टॉर्चच्या उजेडात दाखवलं.

"आता समजलं," सूनबाई उजळली. "हळू फिरायचा हुकूम आला की पंख्यात लोकर ओढायची ताकदच नसायची, म्हणून तो जागचा हलत नव्हता. घर फिरवलं की कार्डावर ओझं पडायचं, वरून झगा, कार्ड भट्टीसारखं तापायचं. मग पूर्ण जोर यायचा आणि पंखा लोकरीसकट कण्हत फिरायचा."

"आणि टॉवर चुकवत येणारा आत्मा म्हणजे कार्ड तापायला लागणारी बारा सेकंदं," मी म्हणालो. "तेवढीच महाराजांनी बडबडीने भरून काढली. या घरात भूत केलं ते दोघींच्या मायेने. एकीने यंत्राला वारा लागावा म्हणून पत्रा काढला, दुसरीने धूळ लागू नये म्हणून झगा घातला. महाराज नुसते फुकटचे भाडेकरू."

सूनबाईने पातं बोटाने धरून, भुवयांच्या चिमट्याने लोकर वेढा वेढा काढली, ब्रशने धूळ झाडली, मशीन सुरू केलं. स्क्रीनवर वेग वाढवला, पंखा वाढला. कमी केला, कमी झाला. शहाण्या मुलासारखा ऐकत होता, आणि आवाज म्हणाल तर नुसती झुळूक. घर फिरवलं, पुन्हा फिरवलं. हूं नाही की चूं नाही.

महाराज दारात चपला शोधत होते. तिथूनही हात उंचावून म्हणाले, "पाहिलंत? आमच्या पायगुणाने आत्म्याला मुक्ती मिळाली!"

"मुक्ती चिमट्याने मिळाली," अक्का म्हणाली. "आणि टेंपोवाल्याला सांगा, परत फिर. माझ्या सुनेला सोमवारी काम द्यायचंय."

लोक हसत हसत पांगले. खोली रिकामी झाली तशी अक्का त्या शांत यंत्रापुढे बसली, लोकरीचं गुंडाळं मुठीत धरून, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. सूनबाई शेजारी जाऊन बसली. मला वाटलं, आपण बहिणीकडून काहीतरी हिसकावून घेतलं. तसं मी म्हणालोही.

"वेडा आहेस," अक्का डोळे पुसत म्हणाली. "ते गेले, हे मला ठाऊकच होतं. मला फक्त कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं."

"मग माझ्याशी बोला ना आई," सूनबाई म्हणाली. "मी हूंच्या पुढचंही बोलते."

अक्का रडता रडता हसली.

वाचकहो, माझं मागणं फार मोठं नाही. जो तुमच्या दुःखाला उत्तर देतो, त्याचा हात कुठे आहे तेवढं बघा. झाकलेलं उघडून बघा, एक गोष्ट बदलून पुन्हा तपासा, आणि जो 'उघडू नका' म्हणेल त्याच्यासमोर तर नक्की उघडा. आपली माणसं आपल्या आठवणीत राहतात. त्यांना यंत्रात कोंडायला कुणा महाराजाची गरज नाही.

बाजूचा पत्रा आता जागेवर बसलाय. आणि झगा उसवून अक्का सूनबाईसाठी मोजे विणते आहे. विणताना तिचं तोंड अखंड चालू असतं, आणि सूनबाई चित्र काढता काढता तिला शब्दाला शब्द उत्तर देते.