साबणाच्या फुग्यात दिसलेला वायू

मी एक जुना वायू आहे. मला रंग नाही, वास तर जवळजवळ नाहीच. कारखान्यात माझा जन्म झाला, फ्रिजच्या नळ्यांत मला भरलं गेलं आणि तो फ्रिज लशी ठेवायला एका छोट्या दवाखान्यात आला.

मित्रांनो, माझं जगणं म्हणजे संथ झोका होता. शून्याखाली तीस अंशांवरच मला उकळी फुटते. त्यामुळे आतल्या नळीत मी द्रवाचा वायू व्हायचो आणि लशींभोवतीची ऊब शोषून घ्यायचो. मग कॉम्प्रेसर मला दाबायचा, मागच्या जाळीत ती ऊब सोडून मी पुन्हा द्रव व्हायचो. अर्धवट झोपेत असल्यासारखा फिरत राहायचो. मी पेट घेत नाही, म्हणून सगळे म्हणत, "किती गुणी!" मीही हुरळून जायचो.

वर्षं सरली. जाळी धुळीने माखली, एक सांधा गंजला आणि मी थोडा थोडा निसटू लागलो. कुणाला पत्ताच नाही. एका सकाळी थर्मामीटर पाहून सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं बाई, आठ अंशांवर आलंय! आणखी तासभर गेला असता तर सगळ्या लशी वाया!"

त्यांनी लशी थंड पेटीत हलवल्या आणि फ्रिजवाल्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी सांध्याला साबणाचा फेस लावला. एक फुगा थरथरत वर आला, सप्तरंगी. त्यात मी होतो! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी दिसलो.

"ह्याचे दिवस भरले, सिस्टर. नवाच घ्या."

"आणि आतला गॅस?"

"तीच तर पंचाईत आहे. हा हवेत सुटला की हळूहळू पार वर जातो. तिथलं ओझोनचं आवरण उन्हातले घातक किरण अडवतं ना, तेच हा विरवतो."

मी? मी तर गुणी होतो ना!

"गॅस काढायचं यंत्र वर्कशॉपमध्ये राहिलंय. नळी तोडून गॅस हवेत सोडला तर मिनिटाचं काम," मिस्त्री म्हणाले.

"मग तोडताय?"

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "कुणाला कळणार नाही. पण मला कळेल ना! चहा टाका, आलोच."

ते गेले आणि भर उन्हात यंत्र घेऊन परत आले.

आता मी एका सिलिंडरमध्ये आहे. लवकरच मोठ्या भट्टीत प्रचंड उष्णतेने माझे कण विलग होतील, मग ओझोनला माझा धोका उरणार नाही. त्याचं दुःख नाही. पण जो मी आधीच निसटलो, तो अजून वर चढतोय, आणि त्याला मागे बोलावता येत नाही. मित्रांनो, जुना फ्रिज भंगारात देण्याआधी गॅस काढून घ्यायला मिस्त्रींना हाक मारा. तेवढं कराल ना?