लग्नातली अनोळखी पाहुणी

वैदेहीचा पीएच.डी.चा विषय होता रोजच्या जगण्यातली स्मरणशक्ती. खोलीत बसवून लोकांकडून आकडे पाठ करून घेणं तिला पटत नसे. माणूस जिथं खरोखर बघतो आणि विसरतो तिथंच त्याला गाठायचं, असं तिचं म्हणणं. म्हणून ओळखीच्या पियुषच्या लग्नात, त्याला विचारूनच, तिनं आपली मैत्रीण नूपुर हिला पाठवलं. तिथं नूपुरला कुणीच ओळखत नव्हतं. तिनं जांभळी साडी नेसून जेवायचं, चार लोकांशी बोलायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

काही दिवसांनी वैदेही कामठीला पियुषच्या घरी गेली. नूपुरचा फोटो दाखवून एकेकाला विचारू लागली, ही अनोळखी मुलगी लग्नात दिसली होती का? अनोळखी कुणालाच दिसली नव्हती. ओळखीची मात्र सगळ्यांना आठवत होती. काकांच्या मते ती नवरीची मावसबहीण, तर नवरीच्या भावाच्या मते पियुषच्या ऑफिसातली. पियुषची आत्या कुसुमावती हिचे तर फोटो पाहून डोळेच भरून आले. ही भिवापूरच्या आपल्या शेजारणीची धाकटी, हिला कडेवर घेऊन आपण बाजार केलाय, असं तिनं सांगितलं.

वैदेही हरखली. पण प्रयोग संपल्यावर लोकांना खरं सांगायचं, हा नियमच होता. पुढच्या रविवारी ती नूपुरलाच घेऊन गेली. नूपुरनं मान खाली घालून सांगितलं, की आपण नाशिकच्या, भिवापूर कधी पाहिलेलंही नाही. मग तिनं सगळ्यांची माफी मागितली.

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुले कसं आठवन वं? तू तं तेव्हा रांगून राहिली होती."

वैदेही समजावायला लागली, तशी आत्या तिच्याकडे वळली.

"तू मंधात नको बोलू. तू होती का तिथं?"

दोघींना जेवूनच निघावं लागलं. आत्यानं नूपुरच्या हातात तिखटाची पुडी दिली आणि आईचे गुडघे आता कसे आहेत, तेही विचारलं. नूपुरच्या आईचे गुडघे खरंच दुखत असत.

परतताना ऑटोतून उतरल्यावर नूपुरनं आईला फोन लावला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, मी लहान असताना आपण कधी भिवापूरला राहत होतो का?

आई म्हणाली, "थांब, आठवून सांगते."